मदत हवी आहे: 45 हजारांत गेमिंग पीसी, उद्याच घ्यायचा आहे

संत्रानगरी_गेमर: बजेट 45 हजार, एक रुपया वर नाही. प्रोसेसर रायझन 5 5600, बी 450 मदरबोर्ड, 16 जीबी रॅम, 500 जीबी एसएसडी. सीताबर्डीचा दुकानदार म्हणतो भाव उद्या संध्याकाळपर्यंतच. बरोबर आहे का तेवढं सांगा, लवकर.

पीसी_मिस्त्री: ग्राफिक्स कार्ड? एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय? मॉनिटर धरून 45 की सोडून? कोणते गेम?

संत्रानगरी_गेमर: कार्ड दिवाळीत, बोनस आल्यावर. मॉनिटर घरी आहे. तोवर असंच चालवतो.

पीसी_मिस्त्री: चालणारच नाही भाऊ. 5600 मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही, कार्डाशिवाय चित्रच येत नाही. बोर्डाला एचडीएमआय दिसेल, केबल लावशील, पंखे फिरतील अन् स्क्रीन काळी ती काळीच. माझ्या पुतण्याचं हेच झालं, रात्रभर रॅम काढत-लावत बसलो आम्ही. 5600जी घे, त्यात वेगा आहे, म्हणजे आतलंच ग्राफिक्स. रॅम 8 च्या दोन स्टिक घे, वेगा तीच रॅम वापरते. एकच 16 ची टाकली तर गेम अडकतील.

फ्रेम_मोजणारा: 5600जी नका सांगू हो. त्याची कॅश मेमरी 16 एमबी, 5600 ला 32. वर कार्डाची जोडणी जुनी, पीसीआयई 3. दिवाळीत कार्ड लावून पस्तावेल तो. आय-3 12100एफ प्रोसेसर आणि आरएक्स 6600 कार्ड आत्ताच घ्या.

पीसी_मिस्त्री: पोराजवळ आज कार्डाचे पैसे नाहीत अन् तुम्ही कार्डच घ्यायला सांगून राहिले.

वाडीवाला: ऑफिसातून निघालेला जुना पीसी घ्या, चौथ्या पिढीचा आय-5. माझा सात वर्षं चालला.

फ्रेम_मोजणारा: विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि त्या प्रोसेसरवर विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही. गेम कोणते ते तरी सांगा राजेहो.

संत्रानगरी_गेमर: व्हॅलोरंट, जीटीए 5. खोली वरच्या मजल्यावर, टिनाची. कूलर वेगळा घ्यावा लागेल का?

वाळा_ताटी: टिनाखाली मोठाच कूलर लागतो. ताट्या दरवर्षी बदला, समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर नुसता दमटपणा.

पीसी_मिस्त्री: तो प्रोसेसरच्या कूलरचं विचारतो आहे, दादा. सोबत येतो तोच पुरे. पण पीसी खोलीतल्या कूलरच्या झोतात ठेवू नको. मी दोन उन्हाळे ठेवला, कार्डाच्या पोर्टांवर हिरवट पुटं चढली. वाचलेले पैसे एसएमपीएसमध्ये टाक: चांगल्या कंपनीचा, 550 वॅट, 80 प्लस ब्राँझ (वीज कमी वाया जाते याचा शिक्का). कॅबिनेटसोबत फुकट येणारा घेऊ नकोस, दिवाळीचं कार्ड त्याच्यावरच चालायचं आहे.

वाडीवाला: जुना आय-5 अजूनही वाईट नाही.

संत्रानगरी_गेमर: मॉनिटरला फक्त निळी व्हीजीए पिन आहे, चालेल ना?

पीसी_मिस्त्री: हे आधी काऊन नाही सांगितलं! व्हीजीए असलेलाच बोर्ड माग. नव्या कार्डावर ते नसतं, तेव्हा कन्व्हर्टर लागेल.

संत्रानगरी_गेमर: दुकानातच उभा आहे. 5600जी संपला, 5600जीटी आहे म्हणतो. घेऊ?

फ्रेम_मोजणारा: घ्या. वेगा तोच, बूस्ट, म्हणजे कमाल वेग, 4.4 ऐवजी 4.6 गिगाहर्ट्झ.

पीसी_मिस्त्री: घे, पण बोर्डाचा बायोस (पीसी सुरू करणारं सॉफ्टवेअर) तिथेच अपडेट करायला लाव, डिस्प्ले आलेला डोळ्यांनी बघ अन् मगच पैसे दे.