मदत हवी आहे: इम्प्लांटसाठी हाडाची पूड घालायची आहे, पण प्राण्याची नको

नमस्कार मंडळी. आम्ही देवगड तालुक्यातले. आई ६४ वर्षांची आहे. वरच्या डाव्या बाजूच्या दोन दाढा काढून बरीच वर्षं झाली. काढता-घालता येणारे दात बसवले होते, पण भाकरी चावताना सुटतात, त्यामुळे ती सगळं एकाच बाजूने खाते. कणकवलीच्या दंतवैद्यांनी इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर दात, सुचवलं. स्कॅनमध्ये दिसलं की त्या जागी हाडाची उंची जेमतेम ४ मिमी उरली आहे आणि वर लगेच सायनसची पोकळी. म्हणून आधी सायनस लिफ्ट, म्हणजे सायनसचं अस्तर वर उचलायचं, तिथे हाडाची पूड भरायची, सहा-आठ महिने थांबायचं आणि मग स्क्रू.

आई माळकरी आहे. माळ घातल्यापासून तिने मासे सोडले; देवगडात राहून मासे सोडणं काय असतं ते इथल्या माणसांना सांगायला नको. तिने खुर्चीवरूनच विचारलं, "डॉक्टरानू, ता हाड कोणाचा?" उत्तर मिळालं, "काळजी नको, निर्जंतुक असतं." तिने स्वच्छतेबद्दल विचारलंच नव्हतं. मी खोदून विचारलं तेव्हा कळलं की ती पूड गुरांच्या हाडापासून केलेली असते. आईने तिथेच नाही म्हटलं, आणि मला तिचं म्हणणं पूर्ण मान्य आहे. तिच्या जबड्यात कायमचं काय राहणार हे तिनेच ठरवायचं.

आता प्रश्न असा की कृत्रिम पूड वापरली तर काम कच्चं राहतं का? कोणाला अनुभव?

प्रतिसाद (मी दंतवैद्य आहे, रत्नागिरी)
आईंनी विचारलं ते उत्तम केलं. हे प्रत्येक रुग्णाला आधी सांगायला हवं.

गुरांच्या हाडातला सेंद्रिय भाग पूर्ण काढून फक्त खनिज सांगाडा ठेवतात. बायो-ऑस हे त्यातलं प्रसिद्ध नाव. ते फार हळू विरघळतं, भरलेला आकार टिकतो, म्हणून सर्जनना आवडतं. कृत्रिममध्ये हायड्रॉक्सीअपॅटाइट आणि बीटा-ट्रायकॅल्शियम फॉस्फेट यांचं मिश्रण मिळतं. पहिलं टिकतं, दुसरं लवकर विरघळून नव्या हाडाला जागा देतं. सायनस ही बाजूंनी हाडाच्या भिंती असलेली जागा आहे. अशा ठिकाणी पूड फक्त आधार देते, हाड आपलं शरीरच तयार करतं. त्यामुळे इथे कृत्रिम मिश्रणाने चांगलं काम होतं. बाहेरच्या बाजूने झिजलेला जबडा रुंद करायचा असता तर मी इतक्या सहज म्हटलं नसतं.

पण पूड बदलून भागत नाही. वरून झाकायचा कोलॅजनचा पडदा बहुतेक वेळा गुरांचा किंवा डुकराचा असतो. त्याऐवजी आईंचंच रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून केलेला पीआरएफचा पडदा मागा. टाके कॅटगटचे (प्राण्यांच्या आतड्यापासून केलेल्या धाग्याचे) नकोत असं सांगा, आणि जिलेटिनही प्राण्यांपासूनच करतात, म्हणून औषधं कॅप्सूलऐवजी गोळीत लिहून घ्या.

आता माझे प्रश्न: साखर किती? मिश्री लावतात का? हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून काही औषध सुरू आहे का?

प्रतिसाद
माझ्या वडिलांना त्यांचंच हाड घातलं, खालच्या अक्कलदाढेच्या मागून काढून. सर्जन म्हणाले की त्यात जिवंत पेशी असतात, याहून चांगलं काही नाही. पण दुसरी जखम झाली आणि सूज तिथेच जास्त होती. माणसाचं दान केलेलं हाडही मिळतं. मुंबईत टाटा मेमोरियलच्या टिश्यू बँकेत ते गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. आईंना चालेल का ते विचारा.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. दान केलेल्या हाडालाही आई नको म्हणाली. साखर आहे, गेल्या वेळी एचबीएवनसी (तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ७.४. मिश्री सकाळ-संध्याकाळ. आणि हो, हाडांसाठी अ‍ॅलेन्ड्रोनेटची गोळी आठवड्यातून एकदा घेते, पाचेक वर्षं तरी झाली. दंतवैद्यांनी हे विचारलं नव्हतं.

प्रतिसाद (दंतवैद्य, रत्नागिरी)
मग कुठली पूड हा नंतरचा प्रश्न. अ‍ॅलेन्ड्रोनेटच्या गटातल्या औषधांमुळे क्वचित जबड्याची जखम भरत नाही, हाड उघडं पडतं. शिरेतून घेणाऱ्यांपेक्षा गोळी घेणाऱ्यांना धोका बराच कमी, पण चार वर्षांपुढे तो वाढतो, आणि साखर त्यात भर घालते. गोळी स्वतःहून बंद करू नका. ज्यांनी लिहून दिली त्या डॉक्टरांचं आणि सर्जनचं आधी बोलणं होऊ दे. मिश्री मात्र आजपासून बंद. आणि धोका जास्त वाटला तर शेजारच्या दातांच्या आधाराने ब्रिज बसतो का, हेही मोकळेपणी विचारा.

धागाकर्ती
कोल्हापूरचे सर्जन महिन्यातून एकदा कणकवलीला येतात. तोपर्यंत गोळीची चिठ्ठी आणि रक्ताचे रिपोर्ट एकत्र करून ठेवते. सगळं ऐकून आई म्हणाली, "मिश्री सोडतंय, पण ता हाड नको." कणकवली-कुडाळ भागात पीआरएफ कुठे करतात हे कोणाला माहीत असेल तर कृपया कळवा, फक्त पडद्यासाठी कोल्हापूरला जाणं तिला झेपणार नाही.