फटी साफ न करता दात साफ झाले म्हणायचं का?

ऐरणीवर
ब्रश कोणता, पेस्ट कोणती यावर आपण तासन् तास बोलतो, दातांमधल्या फटींचा विषय मात्र निघतच नाही. दाढेला पाच बाजू असतात: गालाकडची, जिभेकडची, चावायची आणि शेजारच्या दातांना टेकलेल्या दोन. ब्रशचे केस पहिल्या तिन्हींवर फिरतात. उरलेल्या दोन बाजूंवरचा जंतूंचा चिकट थर जागच्या जागी राहतो आणि हिरड्यांची सूज बऱ्याचदा तिथूनच सुरू होते. त्यामुळे दिवसातून एकदा फटी साफ न करणाऱ्याचे दात अर्धवटच साफ होतात, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘सहा महिन्यांनी स्केलिंग (दवाखान्यातली दातांची सफाई) करून घेतो की’ हे उत्तर चालणार नाही. थर मऊ असतो तोवरच तो घरी निघतो. लाळेतले क्षार त्यात बसायला लागले की काही दिवसांत तो कडक होऊन त्याचं कीटण होतं, आणि मग ते ब्रशला दाद देत नाही. पटत नसेल तर कारणं देऊन खोडून काढा.

शंकासुर
कारणं देतो. २०१५ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने अमेरिकी सरकारकडे फ्लॉसिंगच्या, म्हणजे दोऱ्याने फटी साफ करण्याच्या, शिफारशीमागचा पुरावा मागितला. २०१६ च्या आहारविषयक सरकारी मार्गदर्शिकेतून ती शिफारस गुपचूप गायब झाली आणि परिणामकारकतेचा रीतसर अभ्यास झाला नव्हता हे सरकारने मान्यही केलं. २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्या एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष) ब्रशच्या जोडीला फ्लॉस किंवा इंटरडेंटल ब्रश (फटीत घालायचा छोटा ब्रश) वापरल्यास हिरड्यांची सूज थोडी कमी होऊ ‘शकते’ असं आहे, पण पुराव्याची खात्री कमी ते अगदीच कमी. बहुतेक चाचण्या थोड्या काळाच्या. एवढ्या पुंजीवर तुम्ही लोकांना अर्धवट ठरवताय!

ऐरणीवर
@शंकासुर, पुरावा कच्चा असणं आणि उपाय निरुपयोगी असणं यात फरक आहे. १९६५ मध्ये दंतसंशोधक हॅराल्ड लो यांनी डेन्मार्कमध्ये निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात साफ करणं पूर्ण थांबवायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि सफाई पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात पूर्ववत झाल्या. थर साचला की सूज, काढला की आराम. मग जिथे ब्रश जातच नाही तिथे हा नियम लागू होणार नाही?

शंकासुर
नियम लागू होईल, दोरा लागू होईलच असं नाही. २००६ च्या एका आढाव्यातली गंमत बघा. शाळकरी मुलांचे दात जाणकारांनी शाळेच्या प्रत्येक दिवशी फ्लॉस करून दिले, तेव्हा फटींमधली कीड सुमारे ४० टक्के घटली. मुलांनी स्वतः केलं त्या चाचण्यांत फरक दिसला नाही. आता आपल्या घरी रोज रात्री असा जाणकार कोण पाठवणार?

हिरडीकाठ
दोघेही फ्लॉसवरच का अडून बसलात? माझ्या हिरड्या वयानुसार खाली सरकल्या आहेत, फटी मोठ्या झाल्या आहेत. तिथे दोरा नुसता सुळकन निघून येतो. इंटरडेंटल ब्रश मात्र फट भरून काढतो, आणि दाताची खोलगट बाजूही घासली जाते. शंकासुर यांनी सांगितलेल्या २०१९ च्या आढाव्यातच इंटरडेंटल ब्रश फ्लॉसपेक्षा सरस ठरू शकतो असंही आहे, ते त्यांनी सोयीस्करपणे गाळलं. एकच माप सगळीकडे चालत नाही. पुढच्या दातांना बारीक, दाढांना जाड. थोडा अडकल्यासारखा वाटला पाहिजे, पण जोर लावून घुसवायचा नाही. दात एकमेकांना घट्ट चिकटलेले असतील तर मग दोराच, आणि तो सरळ खाली खेचण्याऐवजी दाताभोवती इंग्रजी सी अक्षरासारखा वळवून वरखाली.

नवखी
मी सुरू केलं आणि रक्त आलं, म्हणून बंद केलं. चालू ठेवायचं की नाही?

हिरडीकाठ
@नवखी, रक्त बहुधा आधीच्या सुजेचं असतं. हलक्या हाताने रोज करा, सहसा आठवडा-दोन आठवड्यांत थांबतं. नाही थांबलं, किंवा दात हलतोय असं वाटलं, तर दाखवून या.

चूळभर
तुमच्या या फटींच्या युद्धात मुद्द्याची गोष्ट राहूनच गेली. मोठ्यांना कीड रोखायला सगळ्यात भक्कम आधार आहे तो फ्लोराइडचा, आणि तोच बहुतेक लोक बेसिनमध्ये थुंकून वर भसाभसा चूळ भरून धुऊन टाकतात. पेस्टवर फ्लोराइडचं प्रमाण १,००० ते १,५०० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) लिहिलेलं बघा, दोन मिनिटं घासा, फेस थुंका आणि चूळ भरू नका. झोपेत लाळ कमी होते, म्हणून रात्रीचं घासणं कधीही चुकवू नये. हे जो करत नाही त्याने फ्लॉस विकत घेऊन काय उपयोग? आधी हे, मग तुमचा दोरा.

ऐरणीवर
@चूळभर, कीड आणि हिरड्यांचा आजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फ्लोराइड इनॅमल (दाताचं वरचं कडक आवरण) वाचवतं, हिरडीकडेचा थर उचलत नाही. बाकी चूळ न भरण्याबद्दल शंभर टक्के सहमत.

खटपट्या
कीटण काढायचे स्टीलचे आकडे ऑनलाइन मिळतात. आरशात बघून स्वतःच खरवडलं तर? एवढी चर्चाच नको.

हिरडीकाठ
नको! टोक घसरलं की हिरडी फाटते, मुळावरचं आवरण ओरखडतं, आणि हिरडीखालचं कीटण तर दिसतही नाही, ते तसंच राहतं.

चूळभर
आणि कोळशाची पावडरही नको, कुणीतरी आता तेच विचारणार. वरचे डाग घासले जातात, सोबत इनॅमलही झिजू शकतं.

नवखी
मग माउथवॉश? फटींत तेवढं तरी पोहोचेल ना?

ऐरणीवर
द्रव पोहोचतो, पण चिकटलेला थर खरवडून निघत नाही. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशक माउथवॉशचा परिणाम चांगला असतो, पण जास्त दिवस वापरलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात, चव बिघडते. डॉक्टरने सांगितलं तेवढेच दिवस वापरा, आणि पेस्टनंतर लगेच नको, पेस्टमधल्या फेसकारी द्रव्याने त्याची ताकद कमी होते.

शंकासुर
मूळ मुद्द्याकडे येतो. इंटरडेंटल ब्रशबद्दल हिरडीकाठ यांचं म्हणणं रास्त आहे, हिरड्या सरकलेल्यांनी तो वापरावाच. पण या चर्चेचा मूळ दावा ‘प्रत्येकाने, रोज’ असा आहे. घट्ट दात, निरोगी हिरड्या, फ्लोराइड नीट, अशा माणसाला फ्लॉस केला नाही म्हणून अर्धवट म्हणणं मला मान्य नाही.

ऐरणीवर
हाच काटा मग स्केलिंगलाही लावा. २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात हिरड्यांचा गंभीर आजार नसलेल्या, नियमित तपासणीला जाणाऱ्या मोठ्यांमध्ये ठरावीक मुदतीने सरसकट स्केलिंग केल्याने सुजेत दोन-तीन वर्षांत फारसा फरक पडला नाही असं निघालं. म्हणजे दवाखान्यातली सफाई उरलेलं भरून काढेल हा आधारही गेला. घरीच काय ते करायचं, तर पाचपैकी दोन बाजू कोणत्या हिशोबाने सोडायच्या?

शंकासुर
तो आढावा मला मान्यच आहे. पण त्यातून स्केलिंगची गरज माणसागणिक ठरवा एवढंच निघतं. फ्लॉससाठी मीही तेच म्हणतोय, वेगळं काय?

चूळभर
वेगळं एवढंच की तुमची गरज कोण ठरवणार? दुखायला लागेपर्यंत फटीतली कीड आरशात दिसत नाही. पुढच्या तपासणीत एक्स-रे बघून विचारा, तोवर दोरा चालू ठेवा.