बर्नार्डीन डॉर्न जवळजवळ ११ वर्षं फरार, आणि शिक्षा फक्त प्रोबेशन?

सांदीकोपरा

वेदर अंडरग्राउंडबद्दल वाचतोय, म्हणजे व्हिएतनाम युद्धाच्या काळातला अमेरिकेतला जहाल डावा गट. १९७१ मध्ये कॅपिटॉल, १९७२ मध्ये पेंटॅगॉन, १९७५ मध्ये परराष्ट्र खात्याची इमारत. तिन्ही ठिकाणच्या बॉम्बस्फोटांची जबाबदारी या गटाने उघडपणे घेतली. गटाची पुढारी बर्नार्डीन डॉर्न हिचं नाव ऑक्टोबर १९७० मध्ये एफबीआयच्या 'टेन मोस्ट वॉन्टेड' यादीत गेलं. डिसेंबर १९८० मध्ये ती शिकागोत स्वतःहून हजर झाली आणि तिला मिळालं काय, तर तीन वर्षांचं प्रोबेशन आणि १५०० डॉलर दंड. तिचा जोडीदार बिल एअर्स तर तसाच सुटला.

एअर्सचे वडील शिकागोच्या वीज कंपनीचे प्रमुख होते, म्हणून वशिला लागला, असं एक उत्तर सगळीकडे मिळतं. ते पटत नाही. खटले नेमके कशामुळे पडले? आणि १९७१ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या मीडिया गावात एफबीआयच्या कचेरीत चोरी झाली होती, तिच्याशी याचा संबंध जोडतात, तो खरा आहे का?

पानकावळा

वशिला नाही, टेलिफोन. सरकारने चोरून ऐकलेले टेलिफोन.

त्यांच्यावर फेडरल आरोपपत्रं दोन होती. एक शिकागोतलं, ऑक्टोबर १९६९ च्या 'डेज ऑफ रेज' दंगलीबद्दल. दुसरं डेट्रॉइटमधलं, जुलै १९७० चं, बॉम्बस्फोटांच्या कटाबद्दल. वेगवेगळ्या स्फोटांसाठी त्यांच्यावर वेगळे खटले चालले असतील असा समज असतो. कॅपिटॉल आणि पेंटॅगॉनच्या स्फोटांसाठी कोणावरही खटला उभा राहिला नाही.

अमेरिकेत बेकायदा टॅपिंग झालं असेल तर त्याच्या नोंदी आरोपीला दाखवाव्या लागतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्येच ठरवून दिलं होतं. निक्सन सरकारचं म्हणणं असं, की देशांतर्गत सुरक्षेसाठी ॲटर्नी जनरलची (तिथल्या कायदामंत्र्याची) सही पुरे, न्यायाधीशाचं वॉरंट नको. १९ जून १९७२ ला सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध ० असा हा दावा फेटाळला. ते प्रकरण वेदरवाल्यांचं नव्हतं. १९६८ मध्ये ॲन आर्बरला सीआयएच्या कचेरीवर बॉम्बहल्ला झाला, त्यातल्या 'व्हाइट पँथर' या दुसऱ्या डाव्या गटाच्या आरोपींचं होतं. खालच्या कोर्टातले न्यायाधीश होते डेट्रॉइटचे डेमन कीथ. आणि वेदर अंडरग्राउंडचा कटाचा खटलाही त्यांच्याच समोर होता!

कीथ यांनी सरकारला विचारलं: टॅपिंग, घरफोडी, टपाल उघडणं, यांतलं काय काय केलं ते सांगा. सरकारपुढे दोनच वाटा होत्या, सगळं उघड करा नाहीतर खटला सोडा. ऑक्टोबर १९७३ मध्ये सरकारने खटला सोडला. पुढच्या जानेवारीत शिकागोचाही सोडला. त्यामुळे १९८० मध्ये डॉर्नवर उरले ते १९६९ चे इलिनॉय राज्याचे आरोप, पोलिसांशी मारामारी आणि जामिनावरून पळून जाणं. त्याला प्रोबेशन ही फार आश्चर्याची शिक्षा नाही.

आपल्याकडच्या वाचकाला हे विचित्र वाटतं, कारण आपला नियम उलटा आहे. झडती बेकायदा असली तरी सापडलेला पुरावा खटल्याशी संबंधित असेल तर चालतो (पूरणमल खटला, सर्वोच्च न्यायालय, डिसेंबर १९७३). म्हणजे तिथला खटला पडला त्याच्या दोनच महिन्यांनी.

मीडियाच्या कागदांमुळे डेट्रॉइटचा खटला पडला असं जे लिहितात, ते कालक्रमात बसत नाही. त्या चोरीबद्दल जास्त माहिती असलेल्यांनी लिहावं.

रुईचा कापूस

लिहितो. आधी एक स्पष्ट करू, मीडियाची चोरी करणारे वेदरवाले नव्हते. हा अहिंसक मंडळींचा, कॅथलिक युद्धविरोधकांच्या वळणाचा गट. त्या वळणाचं मूळ कॅटन्सव्हिल, मेरीलँड. तिथे १७ मे १९६८ ला बेरिगन बंधू या कॅथलिक धर्मगुरूंसह नऊ जणांनी सक्तीच्या सैन्यभरतीच्या ३७८ फायली कचेरीतून उचलून बाहेरच्या पार्किंगमध्ये जाळल्या आणि अटकेची वाट बघत तिथेच उभे राहिले. पुढच्यांनी उभं राहणं सोडलं आणि रात्री कुलपं उघडायला सुरुवात केली.

मीडियाचा बेत हॅव्हरफर्ड कॉलेजचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक विल्यम डेव्हिडन यांचा. फिलाडेल्फियाची मोठी कचेरी पहाऱ्यामुळे अशक्य होती, म्हणून उपनगरातली छोटी कचेरी निवडली. ती एका राहत्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होती. तयारीचे काही तपशील असे:

बॉनी रेन्स कॉलेजची विद्यार्थिनी बनून आत गेली. एफबीआयमध्ये मुलींना काय संधी आहेत, यावर मुलाखत. हातमोजे तिने शेवटपर्यंत काढले नाहीत आणि कोणालाही त्यात वावगं दिसलं नाही. अलार्म नाही, आणि दुसऱ्या एका दाराला आतून भलंमोठं कपाट टेकवलेलं आहे, ही तिने आणलेली माहिती.

कीथ फोर्साइथ टॅक्सी चालवायचा, कुलपांचं काम पत्रद्वारा अभ्यासक्रमातून शिकला. तारीख ८ मार्च १९७१, कारण त्या रात्री अली आणि फ्रेझरची मुष्टियुद्धाची लढत. लोक रेडिओला चिकटलेले, आवाज झाला तरी दबून जाईल.

बिघडलं ते कुलूपच. मुख्य दारावर अपेक्षेपेक्षा एक कुलूप जास्त निघालं, तेही अवघड जातीचं. फोर्साइथ परत गेला, इतरांशी बोलला आणि मग त्याने कपाटाचं दार धरलं. ते कपाट पडलं असतं तर खाली राहणाऱ्यांना ऐकू गेलंच असतं. म्हणून जमिनीवर पडून, गाडीच्या जॅकच्या दांड्याने, ते इंचाइंचाने सरकवलं. मग सूटबूट घातलेली मंडळी सुटकेस घेऊन आत गेली आणि हजाराहून जास्त कागद घेऊन बाहेर आली.

कागद शहराबाहेरच्या एका फार्मवर नेऊन वर्गवारी केली. जवळजवळ ४० टक्के राजकीय पाळतीचे, त्यात डाव्या-उदारमतवादी गटांवरचे २०० हून अधिक आणि उजव्यांवरचे दोन. संघटित गुन्हेगारीला १ टक्का, तोही बहुतेक जुगार. स्वार्थमोर कॉलेजची टेलिफोन ऑपरेटर माहिती पुरवत होती. एका टिपणात तर विरोधकांच्या मुलाखती वाढवा असा सल्ला होता, म्हणजे प्रत्येक टपालपेटीमागे आपला एजंट उभा आहे असं त्यांना वाटत राहील.

प्रती सिनेटर मॅकगव्हर्न, काँग्रेस सदस्य पॅरन मिचेल आणि वर्तमानपत्रांना टपालाने पाठवल्या. दोघा राजकारण्यांनी त्या एफबीआयला परत केल्या! वॉशिंग्टन पोस्टने ॲटर्नी जनरलची विनंती न जुमानता २४ मार्चला बातमी छापली.

पानकावळा कालक्रमाबद्दल म्हणतात ते बरोबर. त्या कागदांत एका चिठोऱ्यावर 'कॉइनटेलप्रो' एवढा एक शब्द होता, त्याचा अर्थ चोरांनाही माहीत नव्हता (ते एफबीआयच्या, विरोधकांना पोखरायच्या गुप्त मोहिमेचं नाव होतं). एनबीसीचे पत्रकार कार्ल स्टर्न त्याच्या मागे लागले, कोर्टात गेले आणि डिसेंबर १९७३ मध्ये त्यांना पहिले कागद मिळाले. तोवर डेट्रॉइटचा खटला संपला होता. मीडियाचा खरा परिणाम १९७५ च्या चर्च समितीवर, म्हणजे सिनेटर चर्च यांच्या गुप्तचर यंत्रणांची चौकशी करणाऱ्या समितीवर दिसतो.

चोर मात्र सापडले नाहीत. सुमारे २०० एजंट कामाला लावले, ३३ हजारांहून जास्त पानांची फाईल झाली, झेरॉक्सचं यंत्र कोणतं इथपर्यंत शोध गेला. खटला भरायची पाच वर्षांची मुदत संपल्यावर मार्च १९७६ मध्ये तपास बंद. नावं बाहेर आली २०१४ मध्ये, त्यांनी स्वतः सांगितली तेव्हा. गंमत म्हणजे ऑगस्ट १९७१ मध्ये कॅमडेनच्या सैन्यभरती कचेरीवरच्या धाडीत फोर्साइथ आणि बॉब विल्यमसन हे मीडियातले दोघे एफबीआयच्या हाती लागले होते, पण ते मीडियाचे चोर आहेत हे सिद्ध करता आलं नाही. कॅमडेनच्या १७ जणांवर खटला चालला आणि सगळे सुटले, कारण अवजारांपासून प्रशिक्षणापर्यंत बराच पुरवठा एफबीआयच्याच खबऱ्याने केला होता आणि त्याने बचाव पक्षातर्फे तसं कोर्टात सांगितलं.

तिरकी रेघ

या सगळ्यात एक गोष्ट मागे पडतेय. 'वेदरवाल्यांनी फक्त इमारती उडवल्या, माणसं मारली नाहीत' हे वाक्य ६ मार्च १९७० नंतरच्या धोरणाला लागू आहे. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या ११ व्या रस्त्यावर, तळघरात बॉम्ब जोडताना त्यांचे स्वतःचे तिघे मेले: टेड गोल्ड, डायना ओटन, टेरी रॉबिन्स. घर कॅथी विल्कर्सनच्या वडिलांचं, ते सुट्टीवर. बॉम्बमध्ये खिळे होते आणि तो फोर्ट डिक्सच्या लष्करी छावणीतल्या नाचाच्या कार्यक्रमासाठी होता. सैनिक आणि त्यांच्यासोबत आलेल्या मुली. जोडणारे नवशिके आणि चूक झाली तर थांबवणारी काहीच सोय नाही, एवढ्यामुळे तो हेतू पार पडला नाही.

त्यानंतर आधी फोन करून इशारा द्यायचा आणि रात्री, रिकाम्या जागी, असं ठरलं. इशाऱ्यावर किती विसंबायचं हे मॅडिसनला कळतं. २४ ऑगस्ट १९७० ला दुसऱ्याच एका चौघांच्या टोळीने विस्कॉन्सिन विद्यापीठातलं लष्करी गणित केंद्र उडवायला गाडी उभी केली. पोलिसांना फोन केला, पण इमारत रिकामी करायला वेळच उरला नाही. रॉबर्ट फासनाख्ट हा ३३ वर्षांचा संशोधक मेला. त्याचा त्या केंद्राशी काही संबंध नव्हता, आणि केंद्रापेक्षा भौतिकशास्त्र विभागाचं नुकसान जास्त झालं.

सांदीकोपरा

धन्यवाद, बरंच सुटलं. मग बेकायदा घरफोड्या करणाऱ्या एफबीआयवाल्यांचं काय झालं? आणि गटातल्या कोणालाच मोठी शिक्षा नाही?

पानकावळा

मार्क फेल्ट आणि एडवर्ड मिलर हे दोन वरिष्ठ अधिकारी नोव्हेंबर १९८० मध्ये दोषी ठरले. फरारींच्या नातेवाइकांच्या आणि मित्रांच्या घरांत विनावॉरंट शिरायला परवानगी दिली म्हणून. दंड ५००० आणि ३५०० डॉलर, तुरुंग नाही, आणि १९८१ मध्ये रेगन यांनी माफीही दिली. हाच फेल्ट वॉटरगेटचा 'डीप थ्रोट', म्हणजे पत्रकारांना आतली माहिती देणारा, हे २००५ मध्ये कळलं. त्याच्या खटल्यात निक्सन साक्षीला आले होते.

तिरकी रेघ

मोठी शिक्षा झाली ती १९८१ मध्ये ब्रिंक्स कंपनीच्या पैसे नेणाऱ्या गाडीवर पडलेल्या दरोड्यासाठी. तेव्हा वेदर अंडरग्राउंड विस्कटून चारेक वर्षं झाली होती. २० ऑक्टोबरला न्यूयॉर्क राज्यात १६ लाख डॉलर लुटले, एक रक्षक आणि दोन पोलीस मेले. ११ व्या रस्त्यावरच्या स्फोटातून वाचलेली कॅथी बूडिन पळायच्या गाडीत सापडली. २० वर्षं ते जन्मठेप, २००३ मध्ये पॅरोल. डेव्हिड गिल्बर्टला ७५ वर्षं ते जन्मठेप, तो २०२१ मध्ये बाहेर आला. डॉर्ननेही याच प्रकरणात ग्रँड ज्युरीपुढे तोंड उघडलं नाही म्हणून सुमारे सात महिने तुरुंगात काढले. तिच्या वाट्याला आलेला मोठा तुरुंगवास तेवढाच.