विषय: कमरेत कृत्रिम डिस्क बसवून घ्यावी का?

नमस्कार मंडळी,

माझं वय ४३. गेली काही वर्षं कंबर धरते. बसलं की वाढते, चाललं की थोडी सुटते. पायात कळ जात नाही. एमआरआयमध्ये एल-५ एस-१ची, म्हणजे कमरेच्या अगदी तळाची, डिस्क (मणक्यांमधली गादी) झिजून काळी पडल्याचं आलंय. फिजिओ, गोळ्या, इंजेक्शन सगळं करून झालं. सर्जन म्हणतात, फ्यूजन करू (म्हणजे दोन मणके एकमेकांना जोडू) किंवा कृत्रिम डिस्क बसवू, तुम्ही ठरवा. मणके जोडले की कंबर कायमची ताठ होईल या भीतीने माझा कल डिस्ककडे आहे. कुणी करून घेतलंय का? मोकळेपणाने लिहा.

– मे.

---

ताई,

माझी सगळी नोकरी कण्याच्या पेशंटांच्या फिजिओथेरपीत गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डिस्क की फ्यूजन, हे नंतर. दुखणं त्या डिस्कमुळेच आहे हे कशावरून ठरवलं, ते आधी विचारा. एमआरआयमधली काळी डिस्क हा पुरावा नव्हे. कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांच्या स्कॅनचा एक मोठा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात चाळिशीतल्या ६८ टक्के लोकांच्या डिस्क झिजलेल्या निघाल्या, आणि विशीतही ३७ टक्के. तुमची डिस्क दोषी असेलही, पण नुसत्या फोटोवरून तिला पकडता येत नाही.

दुसरं, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं. मणक्याच्या प्रत्येक पातळीवर तीन सांधे असतात: पुढे डिस्क, मागे दोन छोटे फॅसेट सांधे. कृत्रिम डिस्क फक्त पुढचा सांधा बदलते. मागचे झिजलेले असतील तर हालचाल टिकते आणि तिच्याबरोबर दुखणंही टिकतं. म्हणून फॅसेटची अवस्था रिपोर्टात स्पष्ट लिहून घ्या. मणका सरकलेला असेल, नसांची वाट अरुंद झाली असेल किंवा हाडं ठिसूळ असतील, तरीही ही डिस्क सहसा बसवत नाहीत. हाडांची घनता तपासायला सांगा. धातूची ॲलर्जी असेल तर तीही सांगा, कारण बहुतेक डिस्कच्या वरखालच्या चकत्या कोबाल्ट-क्रोमच्या असतात आणि मध्ये पॉलिएथिलीन.

हे तंत्र काही काल आलेलं नाही. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात १९८४ मध्ये पहिली अशी डिस्क बसवली. ती घडवणाऱ्या दोघांतल्या कॅरिन ब्युटनर-यान्त्झ १९७२च्या ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्सचं सुवर्ण जिंकलेल्या. अमेरिकेत तिला २००४ मध्ये मंजुरी मिळाली. पण मंजुरीसाठीच्या चाचण्यांत तुलना होती फ्यूजनशी, आणि सिद्ध करायचं होतं ते इतकंच की डिस्क त्याहून वाईट नाही. ऑपरेशन न करण्याशी तुलना केली नॉर्वेतल्या डॉक्टरांनी, १७३ पेशंटांवर, २०११ मध्ये. एका गटाला डिस्क. दुसऱ्याला तीन ते पाच आठवड्यांत सुमारे ६० तासांचा व्यायाम आणि दुखण्याची भीती घालवण्याचा कार्यक्रम. दोन वर्षांनी दोन्ही गट सुधारले होते. डिस्कवाले पुढे होते, पण अपंगत्वाच्या १०० गुणांच्या मापावर ८.४ गुणांनी. पेशंटला खरोखर जाणवेल असा फरक किमान १० गुणांचा, असं त्यांनी आधीच ठरवलं होतं. तुम्ही जे फिजिओ केलं ते आठवड्यातून एकदा शेक आणि थोडे व्यायाम असेल, तर ते या तोडीचं नव्हे.

ताठ कंबरेची भीती मात्र थोडी कमी करा. आपण वाकतो ते बरंचसं खुब्यातून. एकच खालची पातळी जोडली तर रोजच्या जगण्यात फारसं अडत नाही. फ्यूजनची खरी काळजी वेगळी: शेजारच्या डिस्कवर पडणारा ताण.

– दि. काका

---

मे. ताई,

माझी डिस्क एल-४ एल-५ला, तुमच्याहून एक पातळी वर, बसवलेली आहे. काकांनी लिहिलं नाही ते सांगते. ऑपरेशन पाठीतून नव्हे, पोटातून होतं. मोठ्या रक्तवाहिन्या बाजूला धरायला वेगळा सर्जन होता. त्या माणसाचा अनुभव विचारा, डिस्क बसवणाऱ्याइतकाच. पुढेमागे डिस्क काढायची वेळ आली तर त्याच रक्तवाहिन्या व्रणात चिकटलेल्या असतात आणि दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा खूप धोक्याचं होतं. (पुरुषांसाठी: या वाटेने वीर्य उलट मूत्राशयात जाण्याची शक्यता असते. मूल हवं असेल तर आधी बोला.)

मला दुसऱ्या दिवशी चालवलं. पोट काही दिवस फुगलेलं होतं. मागे वाकायला बरेच आठवडे बंदी. आता मी अख्खी मीटिंग बसून करते, पूर्वी ते शक्यच नव्हतं. दुखणं शून्य झालं नाही. मला परत विचारलं तर मी करेन, पण माझे फॅसेट चांगले होते हे तेव्हाच तपासलं होतं.

– स्व.

---

काका, स्व., मनापासून आभार. माझ्या रिपोर्टात फॅसेटबद्दल एक ओळही नाही, आत्ताच पाहिलं. सर्जनची तारीख पुढे ढकलतेय. ऑपरेशन न करणाऱ्या कण्याच्या डॉक्टरकडे दुसरं मत घेते आणि काकांनी सांगितला तसा सलग कार्यक्रम कुठे मिळतो ते शोधते.

– मे.

---

ताई, ठीक ठरवलंत. फक्त एक ध्यानात ठेवा: लघवी अडली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा पायातली ताकद गेली, तर कुठल्याही तारखेची वाट न बघता त्याच तासाला इमर्जन्सीत जा.

– दि. काका