मदत हवी आहे: रात्रपाळीत प्रभूसाठी ‘जिवेभावे’ कसं जगता?

सर्व बंधुभगिनींना प्रभूमध्ये सलाम.

मी पुण्यात नर्स आहे. महिन्यातले आठ-दहा दिवस रात्रपाळी. लहानपणी नगरला आमच्या घरी संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना कधी चुकली नाही. आजीला ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं पाठ होती. आता सकाळी नऊला घरी येते तेव्हा मुलगा शाळेत, नवरा कामावर. पवित्र शास्त्र उघडते आणि दोन ओळींत डोळे मिटतात.

पण खरी टोचणी वेगळीच आहे. बायबलमधल्या कलस्सैकरांस पत्राच्या 3 ऱ्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो, जे काही कराल ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा. हे तो दासांना सांगतोय, म्हणजे ज्यांचा वेळ स्वतःचा नव्हता त्यांना! मग बेडपॅन देताना, ड्रेसिंग बदलताना माझंही काम उपासना व्हायला हवं. थोडा वेळ होतंही. मग कुणी चौथ्यांदा बेल वाजवतं आणि मी फटकन बोलते. गेल्या आठवड्यात एका म्हाताऱ्या आजींवर चिडले, ते अजून मनातून जात नाही.

17 व्या शतकात पॅरिसच्या मठातले ब्रदर लॉरेन्स स्वयंपाकघरात राबतानाही देवाच्या सान्निध्यात राहत. मला तेच हवंय.

पाळीत काम करणाऱ्यांनो, दिवसातल्या कोणत्या कामाशी तुम्ही प्रार्थना जोडून घेतली आहे? हात धुताना म्हणता येईल असं एखादं छोटं स्तोत्र सुचवाल? चिडल्यावर लगेच परत कसे वळता? आणि तिघांच्या वेळा तीन असताना घरची प्रार्थना कशी जमवता?