मुहम्मद कासिम यांची स्वप्नं: वजन किती, तपासायची कशी?

शोधक_७
लाहोरच्या मुहम्मद कासिम बिन अब्दुल करीम यांचे स्वप्नांचे व्हिडिओ बरेच फिरताहेत. लहानपणापासून स्वप्नात पैगंबर दिसतात, अल्लाहचा आवाज ऐकू येतो, असं त्यांचं म्हणणं. पाकिस्तानचा उत्कर्ष, तिसरं महायुद्ध, दज्जालचं (कयामतीआधी येणाऱ्या तोतया मसीहाचं) येणं, शिर्क (अल्लाहच्या जोडीला दुसऱ्या कोणाला मानणं) हद्दपार करणं, हे त्यातले विषय. 'खरं की थोतांड' यावर कुस्ती नको. दोनच प्रश्न आहेत: सुन्नी परंपरेत अशा स्वप्नाला नेमकं किती वजन? आणि 'आधीच सांगितलं होतं' हा दावा पडताळायचा कसा?

हाशिया
पहिल्या प्रश्नापुरतं बोलतो. समर्थक बुखारी या हदीससंग्रहातली हदीस (पैगंबरांचं वचन) सर्वांत आधी पुढे करतात: मोमिनाचं (श्रद्धावंताचं) स्वप्न हा नुबुव्वतीच्या (पैगंबरपणाच्या) ४६ हिश्श्यांपैकी एक. हदीस आहेच. पण इमाम मुस्लिम यांच्या हदीससंग्रहात तोच आकडा ४५ आणि ७० असाही येतो, त्यामुळे त्यावर गणित मांडू नये. आणि हिस्सा म्हणजे सबंध वस्तू नव्हे. अजानमधलं एक वाक्य मोठ्याने म्हटलं की अजान झाली, असं कोणी धरत नाही.

हदीशीत स्वप्नं तीन प्रकारची सांगितली आहेत: अल्लाहकडून शुभवार्ता, सैतानाकडून भीती, आणि जागेपणी मनात घोळलेलं. वाद घालताना हा तिसरा प्रकार सोयीस्कर गळतो. रात्रंदिवस कयामतीच्या खुणांवर बोलणाऱ्या माणसाला स्वप्नात दज्जाल दिसला, तर आधी याच खान्यात शोधायला नको का?

'ज्याने मला स्वप्नात पाहिलं त्याने मलाच पाहिलं, सैतान माझं रूप घेऊ शकत नाही' हीही बुखारीतच आहे. इथे अट रूपाची. स्वप्नांचा अर्थ सांगणारे जुने विद्वान इब्न सिरीन यांच्याकडे कोणी असं स्वप्न घेऊन आलं की ते आधी वर्णन करायला लावत, आणि जुळलं नाही तर 'तू त्यांना पाहिलेलं नाहीस' म्हणून मोकळे होत. पडताळायला तपशील भरपूर आहेत: उंची मध्यम, दाढी दाट, डोक्यात नि दाढीत मिळून वीसही पांढरे केस नव्हते. 'नूर (दिव्य प्रकाश) दिसला', 'आवाज आला' एवढ्यावर ही चाचणी लावताच येत नाही.

आता खरा मुद्दा. हदीस आणि धर्मशास्त्राचे विद्वान इमाम नववींचं उदाहरण पाहा. शाबानची (रमजानच्या आधीच्या महिन्याची) तिसावी रात्र, चंद्र कोणालाच दिसला नाही, आणि एकाला स्वप्नात पैगंबरांनी सांगितलं की आज रमजान लागला. तरी त्यावरून रोजा धरता येत नाही. कारण निव्वळ तांत्रिक: रावी, म्हणजे हदीस पुढे सांगणारा, जागा, सावध आणि पक्क्या स्मरणाचा असावा लागतो, झोपलेला माणूस त्यात बसत नाही. पाहणाऱ्यावर खोटेपणाचा आरोप न करताही स्वप्न इथे बाद होतं. एक दिवसाचा रोजा ठरत नसेल तर अख्ख्या देशाचं धोरण कसं ठरणार?

मिनारा
एक बाजू राहतेय. अजानच मुळात स्वप्नातून आली, पैगंबरांचे सोबती अब्दुल्लाह बिन झैद यांच्या. आणि कासिम स्वतःला महदी (कयामतीआधी येणारा मार्गदर्शक) म्हणवत नाहीत, ते अनुयायी म्हणतात.

हाशिया
अजान स्वप्नामुळे रूढ झाली नाही. ते स्वप्न हयात पैगंबरांपुढे ठेवलं गेलं आणि त्यांनी मंजूर केलं, तेव्हा झाली. ती मोहोर आता उमटवणार कोण?

महदीबद्दल: अबू दाऊद या हदीससंग्रहातल्या रिवायतीत (कथनात) पैगंबर म्हणतात की त्याचं नाव माझ्या नावासारखं, त्याच्या वडिलांचं माझ्या वडिलांच्या नावासारखं. पैगंबरांचे वडील अब्दुल्लाह, म्हणजे महदीचेही वडील अब्दुल्लाह हवेत, इथे अब्दुल करीम आहेत. याहून लांब जायची गरज नाही. अनुयायी म्हणतात, यावर मात्र थांबायला हवं. २० नोव्हेंबर १९७९ ला सौदी बंडखोर जुहैमान अल-ओतैबीच्या माणसांनी मक्केची मोठी मशीद ताब्यात घेतली, ती त्यांच्यातलाच मुहम्मद अल-कहतानी महदी असल्याची स्वप्नं त्यांच्यात एकामागून एक पडत गेल्यावर. कहतानी वेढ्यातच मारला गेला, वेढा दोन आठवडे चालला, आणि जानेवारी १९८० मध्ये ६३ जणांना मृत्युदंड झाला. अनेकांना एकच स्वप्न पडणं हा पुरावा धरला तर काय होतं, ते तिथे दिसलं.

तारीखवार
दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. यूट्यूबवरची तारीख व्हिडिओची असते. शीर्षक आणि खालचं वर्णन नंतर कधीही बदलता येतं, आणि बदल झाल्याची खूण प्रेक्षकाला दिसत नाही. एडिटरमधून मधला तुकडा कापला तरी लिंक तीच राहते. म्हणून शीर्षक वाचून निकाल लावू नका. तोंडून काय निघालं ते मिनिट-सेकंदासह उतरवून घ्या. वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या संकेतस्थळावर) पानाची जुनी प्रत असेल तर वर्णन ताडून पाहता येतं. व्हिडिओ मात्र तिथे बहुधा साठवलेला नसतो.

शक्यतो मूळ उर्दूच ऐका. भाषांतरात 'एक मोठा नेता' याचं नाव होतं, 'गडबड' याचं युद्ध होतं. एकच स्वप्न वेगवेगळ्या वर्षी सांगितलं असेल तर दोन्ही आवृत्त्या समोरासमोर लिहा. घटना घडून गेल्यानंतरच्या आवृत्तीत तपशील वाढले असतील, तर फक्त जुनी मोजायची.

मग वहीत चार रकाने: दावा, नोंदीची तारीख, मुदत, आणि काय झालं तर चुकला म्हणायचं. 'लवकरच' असेल तर मुदतीचा रकाना रिकामा राहतो आणि तो दावा मोजणीतून बाद. चुकलेले काढून टाकलेले व्हिडिओ नंतर सापडत नाहीत, म्हणून यादी आजपासून पुढची करा, मागे जाऊन नको.

शोधक_७
पण इम्रान खान अपयशी ठरतील हे आधी सांगितलं होतं, असं समर्थक ठासून म्हणतात. ते धरायचं का?

तारीखवार
तारीख पक्की असली तरी गुण फार देऊ नका. पाकिस्तानच्या एकाही पंतप्रधानाने आजवर पाच वर्षांची मुदत पूर्ण केलेली नाही. एप्रिल २०२२ मध्ये इम्रान गेले ते त्याच ओळीत. तिथे 'हा टिकणार नाही' म्हणणारा झोपेतही बरोबर येतो. महिना सांगितला होता का? अविश्वास ठरावाने जातील असं म्हटलं होतं का? तेवढंच वहीत घ्या.

हाशिया
आणि ज्यांना पडताळायचंच नाही त्यांच्यासाठी बुखारीतलीच एक हदीस: न पाहिलेलं स्वप्न पाहिलं म्हणून सांगणाऱ्याला कयामतीला जवाचे दोन दाणे एकमेकांना गाठ मारून जोडायला सांगतील, आणि ते त्याला जमणार नाही. ही व्हिडिओखाली कोणी टाकत नाही.