हापूसला पुनर्मोहोर, वाटाण्याएवढी फळं गळताहेत: आता काय करावं?

कातळबाग:
रत्नागिरी तालुका, कातळावरची बाग. कलमं २५-३० वर्षांची, विस्ताराचा व्यास सरासरी ७ मीटर. ऑगस्टमध्ये कल्टार (पॅक्लोब्युट्राझोल, पालवी रोखून मोहोराला मदत करणारं संजीवक) दिलं आहे. पाऊस नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत रेंगाळला, त्यामुळे निम्म्या फांद्यांवर पालवी, निम्म्यांवर मोहोर. डिसेंबरच्या मोहोराला वाटाण्याएवढी फळं धरली होती. जानेवारीत थंडी वाढली तसा त्याच काड्यांवर पुन्हा मोहोर डोकावतोय आणि धरलेली फळं पिवळी पडून गळताहेत. फवारणीचं वेळापत्रक तारखांप्रमाणेच चालू ठेवायचं का? मार्चच्या उन्हाचीही काळजी आहे.

मोहोरवाला:
तारखा सोडा, अवस्था धरा. तुमच्या बागेत सध्या तीन पिढ्या एकत्र आहेत (पालवी, नवा मोहोर, फळं) आणि एकाच दिवशी सगळ्या झाडांवर एकच औषध मारलं तर दोन पिढ्यांवर ते वाया जातं.

गळ होते कारण नवा मोहोर अन्न ओढून घेतो. वाटाण्याएवढ्या फळांच्या झाडांवर जिबरेलिक आम्ल (वाढीचं संजीवक) ५० पीपीएम (दहा लाख भागांत ५० भाग) मारा, म्हणजे २० लिटर पाण्याला १ ग्रॅम. भुकटी पाण्यात थेट विरघळत नाही. आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवून मग पाण्यात मिसळा. याने मोहोराचे न फुटलेले डोळे (कोंब) थांबतात, बाहेर आलेला मोहोर मागे जात नाही. खरं तर पहिली फवारणी मोहोर पूर्ण उमलल्यावरच व्हायला हवी होती, पुढच्या हंगामात ती चुकवू नका.

पालवी आणि बोंगे (मोहोराचे फुगलेले कोंब) फुटणाऱ्या फांद्यांवर तुडतुडे (रस शोषणारी कीड) आधी बघा: इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के, १० लिटरला ३ मिली. ढगाळ हवा किंवा अवेळी सर आली तर करप्यासाठी (मोहोर काळा पाडणारा बुरशीचा रोग) कार्बेन्डाझिम १२ + मॅन्कोझेब ६३ टक्के, १० लिटरला १० ग्रॅम. पूर्ण उमललेल्या मोहोरावर मात्र कीटकनाशक नको. परागीकरण करणाऱ्या माश्या मेल्या की फळधारणाच होत नाही.

देवगडची_कलमं:
उन्हाबद्दल. फळं वाटाण्याएवढी झाल्यापासून दर १५ दिवसांनी झाडामागे १५० ते २०० लिटर पाणी, तीन-चार वेळा, आणि बुंध्याभोवती सुक्या गवताचं आच्छादन. पाणी बुंध्याशी ओतू नका, विस्ताराच्या आतल्या वर्तुळात द्या. फळधारणेआधी पाणी दिलंत तर पालवी फुटेल, एवढं जपा. सोबत पोटॅशियम नायट्रेट १ टक्का (१० लिटरला १०० ग्रॅम) वाटाणा, गोटी आणि अंड्याएवढं फळ अशा तीन अवस्थांना.

गोटी ते अंड्याएवढं झालं की २५ × २० सेंमीची कागदी पिशवी बांधा. डाग, फळमाशी आणि साका (गरात होणारा पांढरट, स्पंजासारखा भाग) तिन्ही कमी होतात. कातळ दुपारी तापतो आणि ती धग खालून फळाला लागते. साक्याचं मोठं कारण तेच. म्हणून आच्छादन फक्त ओलाव्यासाठी नाही. काढणी ८०-८५ टक्के पक्वतेला, सकाळी लवकर किंवा ४ नंतर, झेल्याने (काठीला जाळी लावलेलं काढणीचं साधन) देठासकट, आणि फळ लगेच सावलीत. झाडावर आंबा जास्त थांबवला की साका वाढतोच.

कातळबाग:
आभारी आहे. पुढच्या वर्षी कल्टारचं प्रमाण वाढवू का? पाऊस असाच लांबला तर मोहोर पुढेच जाणार.

मोहोरवाला:
प्रमाण वाढवू नका. दर मीटर व्यासाला ३ मिली म्हणजे तुमच्या झाडाला २१ मिली, तेवढंच पुरे. ३ ते ६ लिटर पाण्यात मिसळून, बुंधा आणि विस्ताराची कड यांच्या मधोमध १०-१२ सेंमी खोल २५-३० छिद्रांत समान ओता. आधी गवत काढा, जमीन ओली हवी, पण मुसळधार पावसात नको. १५ जुलै ते १५ ऑगस्ट हा काळ पाळा. कल्टार पालवी रोखायला मदत करतं. मोहोराला लागणारा कोरडा ताण आणि थंडी ते देत नाही. २०१७ च्या डिसेंबरात ओखी वादळाच्या पावसात कल्टार दिलेल्या बागांचा मोहोरही काळा पडला, तिथे करप्याची वेळेवरची फवारणीच कामाची होती.

दरवर्षी कल्टार देणार असाल तर जूनमध्ये झाडामागे ५० किलो शेणखत, ३ किलो युरिया, ३ किलो सिंगल सुपर फॉस्फेट, २ किलो सल्फेट ऑफ पोटॅश द्या. खत न देता कल्टार दिलेल्या झाडाच्या फांद्या आखूड होऊन सुकू लागतात. अशक्त झाडांना एक वर्ष विश्रांती द्या.